हेवी ड्यूटी पिकअप ट्रक

हा लेख अमेरिकेतील मोठ्या क्षमतेच्या पिकअप ट्रकांविषयी आहे. महाराष्ट्रात भाजीपाला, दूध वा बांधकाम साहित्य वाहणाऱ्या ज्या छोट्या टेम्पोवजा गाडीला ‘पिकअप’ म्हणतात, ती वेगळी. तिचा उल्लेख लेखाच्या अखेरीस आला आहे.

हेवी ड्यूटी पिकअप ट्रक हा अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे प्रचलित असलेला मोटारवाहनाचा एक प्रकार आहे. पुढे प्रवाशांसाठी बंद केबिन आणि मागे उघडा हौदा अशी त्याची रचना असते. जड ट्रेलर ओढणे हे त्याचे मुख्य काम होय. शेतकरी, गुरे व घोडे पाळणारे, बांधकाम ठेकेदार, बोटी बाळगणारे आणि निवासी ट्रेलर घेऊन देशभर हिंडणारी निवृत्त जोडपी हा त्याचा प्रमुख ग्राहकवर्ग आहे. मात्र यांतील बहुतेक ग्राहक हीच गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठीही वापरतात. ओझे ओढण्यासाठी लागणारे गुण आणि रोज चालवण्यासाठी लागणारे गुण परस्परविरोधी असल्यामुळे योग्य गाडीची निवड हा तेथे नित्य चर्चेचा विषय असतो. निवड चुकली तर केवळ पैसे वाया जातात असे नाही. क्षमतेबाहेरचे ओझे घेऊन घाट उतरणारी गाडी स्वतःतील माणसांना आणि रस्त्यावरील इतरांनाही धोक्यात घालते.

या वर्गात मुख्यतः तीन कंपन्या आहेत: फोर्ड (एफ-सिरीज सुपर ड्यूटी), जनरल मोटर्स (शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी व जीएमसी सिएरा एचडी) आणि रॅम (२५०० व ३५००). जपानी कंपन्यांनी अमेरिकेत अर्ध्या टनाचे पिकअप विकले आहेत, पण त्या या वजनाच्या वर्गात उतरलेल्या नाहीत. निसानने २०१६ सालच्या टायटन एक्सडी या मॉडेलाद्वारे दोन्ही वर्गांच्या मधली जागा घेण्याचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. आयात मालवाहू गाड्यांवर १९६४ पासून लागू असलेला २५ टक्के कर हेही परकीय स्पर्धा कमी असण्याचे एक कारण मानले जाते. हा कर युरोपीय देशांशी कोंबड्यांच्या व्यापारावरून झालेल्या वादातून आला, म्हणून त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात.

नाव आणि वर्गीकरण

अमेरिकेत पिकअपचे ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ आणि ‘एक टन’ असे तीन गट बोलीभाषेत रूढ आहेत. फोर्डच्या एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५० आणि इतर कंपन्यांच्या १५००, २५००, ३५०० या संख्या अनुक्रमे याच गटांच्या निदर्शक होत. एके काळी ही नावे हौद्यात किती वजन घालता येते ते सांगत. आता त्यांचा प्रत्यक्ष वजनाशी संबंध उरलेला नाही. आजचा ‘अर्ध्या टनाचा’ पिकअप पाऊण टन किंवा त्याहून अधिक भार सहज वाहतो आणि ‘एक टनी’ गाडी दोन-तीन टनांपर्यंत जाते.

कायद्यातील वर्गीकरण वेगळे आहे. ते गाडीच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनावर, म्हणजे गाडी, इंधन, माणसे, सामान आणि ट्रेलरचा गाडीवर येणारा भार या सर्वांच्या बेरजेवर, आधारलेले आहे. ८,५०१ ते १०,००० पौंड (सुमारे ३,८५६ ते ४,५३६ किलोग्रॅम) हा ‘२-बी’ वर्ग आणि १०,००१ ते १४,००० पौंड (सुमारे ६,३५० किलोग्रॅमपर्यंत) हा तिसरा वर्ग. हेवी ड्यूटी पिकअप प्रामुख्याने या दोन वर्गांत मोडतात.

या सीमारेषांनी गाड्यांचे स्वरूप ठरवले आहे. १९७५ मध्ये फोर्डने एफ-१५० आणला तो ६,००० पौंडांची मर्यादा ओलांडून त्या वेळच्या प्रदूषणनियमांतून सुटण्यासाठी. आज ८,५०० पौंडांपुढील पिकअपवर इंधनवापराचे सरकारी लेबल लावणे बंधनकारक नाही. परिणामी दुकानात उभ्या असलेल्या लहान मोटारीच्या काचेवर ती किती मायलेज देईल हे लिहिलेले असते आणि तिच्या दुप्पट-तिप्पट इंधन पिणाऱ्या हेवी ड्यूटी गाडीवर नसते. ज्या ग्राहकाला ही माहिती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही, हे विचित्रच म्हणावे लागेल.

इतिहास

कारखान्यातून तयार होऊन आलेला फोर्डचा पहिला पिकअप १९२५ मधील मॉडेल टीच्या चासीवरचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये फोर्डची एफ मालिका सुरू झाली आणि १९५३ मध्ये तिला एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० अशी नावे मिळाली. पुढील चार दशके जड आणि हलक्या पिकअपचे वरचे अंग सारखेच असे. फरक पाट्यांचा, आसांचा आणि चाकांचा होता.

खरा पालट डिझेल इंजिनाने घडवला. क्रायस्लरच्या डॉज विभागाने १९८९ च्या मॉडेलात कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले. मुळात ते शेतीयंत्रे व औद्योगिक यंत्रांसाठीचे होते. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती एवढीच, पण टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता. विक्रीत मागे पडलेल्या डॉज पिकअपला या एका इंजिनाने नवे आयुष्य दिले. फोर्डने १९९४ पासून नेव्हिस्टारकडून घेतलेले ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ इंजिन वापरले. जनरल मोटर्सने इसुझूबरोबर भागीदारी करून २००१ च्या मॉडेलात ६.६ लिटरचे ‘ड्युरामॅक्स’ आणले. १९९९ च्या मॉडेलापासून फोर्डने ‘सुपर ड्यूटी’ या नावाने जड गाड्यांचे अंगही एफ-१५० पेक्षा वेगळे केले. हेवी ड्यूटी हा स्वतंत्र वर्ग म्हणून तेथून स्थिरावला.

त्यानंतर तिन्ही कंपन्यांत आकड्यांची चढाओढ लागली. रॅमने २०१९ मध्ये १,००० पौंड-फूट (सुमारे १,३५६ न्यूटन-मीटर) टॉर्कचा टप्पा गाठला. फोर्डच्या २०२३ मधील ६.७ लिटरच्या अधिक शक्तीच्या डिझेल इंजिनाने ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट (सुमारे १,६२७ न्यूटन-मीटर) गाठले. योग्य साधनांसह फोर्ड एफ-४५० ची जाहीर ओढक्षमता ४०,००० पौंड, म्हणजे १८ टनांहून अधिक आहे. सामान्य ग्राहकाला या आकड्यांचा उपयोग थोडा आहे, कारण त्याची मर्यादा बहुधा इंजिनाआधीच अन्यत्र येते.

ओढक्षमता आणि वहनक्षमता

जाहिरातीत ठळकपणे दिसते ती ओढक्षमता, म्हणजे ट्रेलरचे कमाल वजन. वहनक्षमता म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यावयाचा कमाल भार. पहिल्यांदा गाडी घेणारे लोक दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करतात. पेच तेथेच येतो.

ट्रेलर पूर्णपणे स्वतःच्या चाकांवर उभा नसतो. त्याच्या वजनाचा काही हिस्सा जोडणीवाटे गाडीवर येतो. मागच्या बंपरखालील गोळ्याला जोडलेल्या साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के आणि हौद्यातील जोडणीवर टेकलेल्या मोठ्या ट्रेलरचा १५ ते २५ टक्के भार गाडीवर असावा लागतो. हा भार मुद्दाम कमी ठेवला तर ट्रेलर वेगात मागे डुलू लागतो आणि त्याचे शेपूट गाडीला रस्त्याबाहेर ओढू शकते. म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला रचून हिशेब जुळवणे हा उपाय नव्हे.

उदाहरणादाखल पाऊण टनाची, चार दरवाजांची, चारही चाके फिरवणारी एक डिझेल गाडी घेऊ. तिचे कमाल एकूण वजन ४,५३६ किलोग्रॅम आणि रिकामे वजन ३,४९० किलोग्रॅम असेल, तर वहनक्षमता १,०४६ किलोग्रॅम उरते. चार माणसांचे २८० किलोग्रॅम, हौद्यातील जोडणीचे ९० किलोग्रॅम आणि किरकोळ सामानाचे ७६ किलोग्रॅम वजा केले की ६०० किलोग्रॅम शिल्लक राहतात. ट्रेलरचा २० टक्के भार गाडीवर येणार असेल, तर ट्रेलर ३,००० किलोग्रॅमपेक्षा जड चालणार नाही. याच गाडीच्या माहितीपत्रकात ओढक्षमता सहा-सात टन किंवा त्याहूनही अधिक छापलेली असते. तो आकडा खोटा नसतो. तो केबिनमध्ये जवळजवळ कोणीच बसलेले नाही आणि हौदा रिकामा आहे असे धरून काढलेला असतो.

आता त्याच गाडीत डिझेलऐवजी पेट्रोल इंजिन असेल, तर गाडी सुमारे ३०० किलोग्रॅमने हलकी होते. शिल्लक भार ९०० आणि ट्रेलरची मर्यादा ४,५०० किलोग्रॅम होते. म्हणजे कमी ताकदीचे इंजिन असलेली गाडी कायद्याने अधिक जड ट्रेलर नेऊ शकते. एक टनी गाडीचे कमाल वजन ५,२०० आणि रिकामे वजन ३,५६० किलोग्रॅम धरले, तर डिझेल इंजिनासहही शिल्लक सुमारे १,१९४ किलोग्रॅम राहते आणि मर्यादा सहा टनांजवळ जाते. पाऊण टनी आणि एक टनी गाड्यांच्या किमतीत फरक थोडा असतो आणि दोघींची लांबी-रुंदीही बहुतांशी सारखीच असते. म्हणून हौद्यात जोडायचा मोठा निवासी ट्रेलर घ्यायचा असल्यास जाणकार मंडळी एक टनी गाडीच सुचवतात.

मग पाऊण टनी गाडीचे वजन अनेकदा नेमके १०,००० पौंडांवर का थांबवले जाते? कारण धंद्यासाठी राज्याबाहेर चालवल्या जाणाऱ्या १०,००१ पौंड वा त्याहून अधिक वजनाच्या गाड्यांना अमेरिकेत संघीय नोंदणी क्रमांक, चालकाची वैद्यकीय तपासणी इत्यादी नियम लागू होतात आणि काही राज्यांत नोंदणीशुल्कही वाढते. त्यामुळे ही मर्यादा काही अंशी पोलादाची आणि काही अंशी कागदाची असते. (अर्थात ट्रेलर जोडल्यावर दोघांचे मिळून वजन धरले जाते, हे ठेकेदारांनी ध्यानात ठेवावयाचे असते.) कागदाची आहे म्हणून ती ओलांडावी असे मात्र नाही. अपघातानंतर विमा कंपनी आणि न्यायालय कागदावरचाच आकडा पाहतात.

प्रत्येक गाडीची नेमकी वहनक्षमता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत दिलेली असते. सनरूफ, कातडी आसने, विजेवर बाहेर येणाऱ्या पायऱ्या अशी चैन वाढत जाते तसा तो आकडा घटतो, त्यामुळे एकाच मॉडेलाच्या दोन गाड्यांत शंभर-दोनशे किलोग्रॅमचा फरक पडणे नित्याचे आहे. माहितीपत्रकापेक्षा ही चिठ्ठी प्रमाण मानावी. महामार्गावरील ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. ट्रेलर भरून, पाण्याच्या टाक्या भरून, कुटुंबासह काट्यावर जाणे हा शंका मिटवण्याचा स्वस्त मार्ग आहे.

जोडणीचे प्रकार

साधी जोडणी गाडीच्या मागच्या टोकाला असते. तिच्यावरील भार मागच्या आसाच्या पलीकडे पडत असल्यामुळे गाडीचे नाक वर उचलले जाते आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. भार वाटणाऱ्या पोलादी दांड्यांची जोडणी वापरून हा दोष बराच कमी करता येतो. हौद्यातील जोडणीचे दोन प्रकार आहेत. ‘फिफ्थ व्हील’ ही मोठ्या ट्रकांसारखी खाचेची जोडणी निवासी ट्रेलरांसाठी, तर ‘गूसनेक’ ही गोळ्याची जोडणी गुरे, गवत आणि यंत्रे वाहणाऱ्या ट्रेलरांसाठी विशेष वापरली जाते. दोन्हींत भार मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणून चाल अधिक स्थिर राहते. निवासी ट्रेलर वळताना केबिनच्या मागच्या काचेवर आदळू नये यासाठी आठ फुटी हौदा सोयीचा. साडेसहा फुटी हौद्यासाठी मागे सरकणारी खास जोडणी घ्यावी लागते.

चढ, उतार आणि उंची

ओढक्षमता मोजण्याची पद्धत पूर्वी प्रत्येक कंपनीची आपापली होती आणि आकडे परस्परांशी ताडून पाहणे निरर्थक होते. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाने ही स्थिती बदलली. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलापासून प्रथम स्वीकारले, तीन अमेरिकी कंपन्यांनी त्यानंतर काही वर्षांनी. या मानकातील प्रसिद्ध चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढणीवर आधारलेली आहे. वाळवंटी उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भाराचा ट्रेलर ओढत गाडीने ताशी ४० मैलांच्या (सुमारे ६४ किलोमीटर) खाली येता कामा नये. मागे जोडचाके असलेल्या गाड्यांना ही अट ३५ मैलांची आहे.

सपाट रस्त्यावर हळू ओढणे ही क्षमतेची कसोटी नव्हे. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका पुलावरून निवृत्त अंतराळयान ‘एन्डेव्हर’ ओढत नेण्याचे काम टोयोटा टंड्रा या अर्ध्या टनाच्या पिकअपने केले. यान आणि खालची चाकगाडी मिळून वजन सव्वाशे टनांहून अधिक होते. जाहिरात म्हणून ते दृश्य उत्तम होते, पण त्यावरून ती गाडी किती ट्रेलर ओढते याचा काहीच बोध होत नाही. घरंगळणाऱ्या चाकांवरचे ओझे सुरू करणे सोपे असते, ते उतारावर थांबवणे अवघड.

कोलोरॅडो राज्यात आंतरराज्य महामार्ग ७० आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. बोगद्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर आहे. हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन तेथे आपली जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गमावते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनाला ही झळ फार कमी बसते. पण बोगद्यापलीकडचा सात टक्क्यांपर्यंतचा लांबच लांब उतार अधिक महत्त्वाचा. सतत ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापून निकामी होतात. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट भरलेल्या गाडीने उतरणारे चालक खालच्या गिअरमध्ये उतरतात त्याचे कारण हेच. आधुनिक डिझेल पिकअपांत धुराच्या वाटेवर अडथळा निर्माण करून इंजिनालाच ब्रेक बनवणारी योजना, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक असतो. त्यामुळे अनेक टनांचा ट्रेलर घेऊनही पायातील ब्रेक क्वचितच दाबावा लागतो. डिझेल घेण्याच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात, त्यांत इंधनबचतीपेक्षा हे कारण अधिक भक्कम आहे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे अनेक राज्यांत साधारणतः ३,००० पौंडांपुढे (सुमारे १,३६० किलोग्रॅम) सक्तीचे आहे. त्यांचे नियंत्रण चालकाजवळच्या यंत्रातून होते. हेवी ड्यूटी गाड्यांत ते कारखान्यातूनच बसवून मिळते.

पेट्रोल की डिझेल

डिझेल इंजिनासाठी सुमारे १० हजार डॉलर अधिक मोजावे लागतात. हे पैसे इंधनात वसूल होतात हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. वर्षाला २०,००० किलोमीटर, बहुतांशी रिकामी गाडी, पेट्रोलवर लिटरला ५.५ आणि डिझेलवर ७ किलोमीटर असे धरले, तर अनुक्रमे सुमारे ३,६३६ आणि २,८५७ लिटर इंधन लागते. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. ते २० टक्के महाग धरले, पेट्रोल लिटरला ८५ सेंट आणि डिझेल १.०२ डॉलर, तर वार्षिक बचत दोनशे डॉलरांच्या आतच राहते. शिवाय डिझेलला तेल अधिक लागते, इंधनाच्या गाळण्या बदलाव्या लागतात आणि युरियाचे द्रावण भरावे लागते. उलट बाजूने जुनी डिझेल गाडी विकताना किंमत चांगली येते, आणि जड ट्रेलर सतत ओढणाऱ्याच्या बाबतीत इंधनाचा फरकही वाढतो.

रोजच्या छोट्या फेऱ्या हा आधुनिक डिझेलचा खरा शत्रू आहे. २००७ नंतरच्या इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. अडलेली काजळी जाळण्यासाठी गाळणी अधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते आणि त्यासाठी महामार्गावर सलग धाव हवी असते. घर, शाळा, बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे दहन वारंवार अर्धवट राहते आणि गाळणी चोंदते. अशा ग्राहकाला फोर्डचे ७.३ लिटर, जनरल मोटर्सचे ६.६ लिटर किंवा रॅमचे ६.४ लिटर ही साधी, टर्बो नसलेली पेट्रोल इंजिने अधिक मानवतात. त्यांचा टॉर्क डिझेलच्या निम्म्याच्या आसपास असतो, घाटात ती मोठ्याने गर्जतात आणि वेग कमी होतो, परंतु ती दुरुस्तीला स्वस्त पडतात.

कोणत्या इंजिनात कोणता दोष, हा जुनी गाडी घेणाऱ्यासाठी स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २००३ ते २००७ मधील फोर्डचे ६.० लिटर डिझेल हेड गॅस्केट आणि धूरशीतकाच्या बिघाडांमुळे इतके बदनाम झाले की फोर्ड आणि इंजिन पुरवणारी नेव्हिस्टार यांच्यात न्यायालयीन वाद झाला. पुढे बॉशच्या सीपी-४ या उच्चदाब इंधनपंपाबद्दल तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांनी तक्रारी केल्या. हा पंप आतून झिजला की धातूचे कण संपूर्ण इंधनप्रणालीत पसरतात आणि दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांवर जातो.

प्रदूषणनियंत्रक भाग काढून टाकून ‘मोकळी’ केलेली डिझेल गाडीही जुन्या बाजारात आढळते. असे करणे संघीय स्वच्छ हवा कायद्याचा भंग आहे आणि तपासणी असलेल्या राज्यांत अशी गाडी नोंदवणेच कठीण होते. या कायद्याची सर्वांत मोठी दिवाणी दंडाची रक्कमही याच वर्गातील गाड्यांशी निगडित आहे. रॅम २५०० व ३५०० मधील इंजिनांत चाचणीला चकवणारी योजना असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलर देण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केले. कंपनीने गैरकृत्य केल्याचे कबूल केले नाही.

दैनंदिन वापर

चार दरवाजे आणि लांब हौदा असलेली हेवी ड्यूटी गाडी साडेसहा मीटरच्या आसपास लांब असते. अमेरिकेतील घराच्या सामान्य गॅरेजमध्ये ती मावत नाही आणि शहरातील बहुमजली वाहनतळांत तिची उंची आड येते. वळणाचा घेर मोठा असतो. जड भारासाठी बनवलेले मागचे पाटे आणि जास्त हवेचे टायर यांमुळे रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उडते. सहाशे किलोग्रॅम हौद्यात टाकले की तीच गाडी शांत होते, असा मालकांचा अनुभव आहे.

या बाबतीत तिन्ही कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग निवडले आहेत. रॅम २५०० ला २०१४ च्या मॉडेलापासून मागे पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग आहेत, त्यामुळे रिकामी चाल मऊ लागते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात, म्हणून सुकाणू हलके आणि मोटारीसारखे वाटते. चारही चाके फिरवणाऱ्या फोर्ड आणि रॅममध्ये पुढे अखंड आस असतो. तो बर्फ ढकलण्याचे नांगर किंवा खडतर वाट यांसाठी मजबूत, पण त्याचे सांधे झिजल्यास खड्ड्यानंतर पुढची चाके जोरात थरथरू लागण्याचा दोष जुन्या गाड्यांत दिसतो.

मागे चार चाके असलेली गाडी, म्हणजे ‘ड्युअली’, आडव्या वाऱ्यात फार स्थिर असते आणि एक टायर फुटला तरी सावरते. पण तिची रुंदी सुमारे २.४ मीटर होते, सहा टायर बदलावे लागतात, आणि स्वयंचलित धुलाई केंद्रे तिला बहुधा आत घेत नाहीत. रोज कार्यालयात जाण्यासाठी ती सोयीची नाही. वर्षभर जड ट्रेलर ओढणाऱ्यालाच ती परवडते.

रस्त्यावरच्या इतरांचाही विचार येथे अप्रस्तुत ठरत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा (सुमारे एक मीटर) उंच असलेल्या वाहनांची धडक, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याचा संभव सुमारे ४५ टक्के अधिक आढळला. हेवी ड्यूटी गाड्यांची बॉनेटे यापेक्षा बरीच उंच असतात आणि अगदी समोर उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. पुढच्या बाजूचा कॅमेरा ही या गाड्यांत चैनीची वस्तू समजली जाऊ नये.

वर्षातून दोन-तीनदाच लहान बोट किंवा हलका ट्रेलर ओढणाऱ्याला अर्ध्या टनाची गाडी पुरते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. तीन-साडेतीन टनांपर्यंतच्या साध्या जोडणीच्या ट्रेलरला ती समर्थ आहे आणि उरलेले साडेतीनशे दिवस ती मोटारीसारखी चालते. विजेवरील अर्ध्या टनी पिकअपही ओढण्यात बलवान आहेत, मात्र मोठा ट्रेलर जोडला की त्यांचा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो.

किंमत, कर आणि परवाना

नव्या हेवी ड्यूटी पिकअपची किंमत साध्या कामाच्या गाडीसाठी ४५ हजार डॉलरच्या आसपास सुरू होते आणि सर्व सुखसोयींसह एक लाख डॉलरच्या पुढे जाते. ६,००० पौंडांहून अधिक एकूण वजनाची गाडी निम्म्याहून जास्त धंद्यासाठी वापरली, तर तिचा खर्च करातून लवकर वजा करता येतो. छोट्या धंदेवाईकांनी गरजेपेक्षा मोठी गाडी घेण्यामागे ही तरतूद अनेकदा असते.

व्यावसायिक वापरात गाडी व ट्रेलर यांचे मिळून अनुज्ञेय वजन २६,००० पौंडांपुढे (सुमारे ११.८ टन) आणि त्यातील ट्रेलर १०,००० पौंडांपुढे गेल्यास ‘ए’ वर्गाचा व्यावसायिक परवाना लागतो. खासगी वापराचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये एवढ्या वजनाच्या खासगी जोडीलाही ‘ए’ वर्गाचा अव्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. गाडी विकणारा परवान्याची चौकशी करीत नाही, ती ग्राहकानेच करावयाची असते.

भारताशी संबंध

हे पिकअप भारतात अधिकृतरीत्या विकले जात नाहीत. महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हणून ओळखली जाणारी महिंद्रा बोलेरो पिकअप ही आकाराने आणि शक्तीने फारच लहान आहे, तरी तिच्या १.७ टनी प्रकाराची वहनक्षमता वरील उदाहरणातील अमेरिकी पाऊण टनी डिझेल गाडीपेक्षा जास्त भरते. ती माल पाठीवर वाहण्यासाठी बनवलेली असून अमेरिकी गाडी ओढण्यासाठी बनवलेली आहे. ऊस वाहण्याच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो, पण त्याचा वेग महामार्गाचा नसतो.

या वर्गाचा इतिहास बदलणाऱ्या कमिन्स कंपनीचे नाव मात्र पुणेकरांना जुन्या ओळखीचे आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. आज ती कमिन्स इंडिया या नावाने पुण्यातूनच काम करते. कर्वेनगर येथील मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय याच नावाने ओळखले जाते.